डेकवरचा प्लग आणि पाण्याखालची शाळा

१४ एप्रिल, रविवार

इंजिन बंद केलं आणि होडी तरीही चालतच राहिली! नुसती वाऱ्यावर! एकाहत्तर वर्षांचा झालो, फौजेत सिग्नलला बावीस वर्षं केबली जोडत देशभर हिंडलो, पण शिडाखाली बसलो तो आज पहिल्यांदा. बामणोलीच्या पुढे दोन्हीकडे डोंगर, मध्ये कोयनेचं हे एवढं पाणी!

होडी वीरधवलची. आमच्याच गल्लीतला, नौदलातून निवृत्त होऊन साताऱ्यात आलेला. होडी त्याने स्वतः बांधली. मला नेलं ते कामाला. "काका, डेकवरचे प्लग दगा देतात. पाणी शिरतं. जरा तुमचा हात फिरवा." दोन प्लग आहेत. एक डोलकाठीवरच्या दिव्याचा, दुसरा खोली सांगणाऱ्या यंत्राचा. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं. तो तळाला आपटून परत आला की आकडा दाखवतं. बावीस मीटर. एकोणीस. सतरा.

मी आकड्यांकडे बघतच राहिलो. याच पाण्याखाली आमचं गाव आहे. माझी शाळा आहे!

१५ एप्रिल

सकाळपासून डोक्यात एकच. शाळा टेकाडावर होती. काळ्या दगडाचा उंच चौथरा, वर एकच खोली, उगवतीला खिडकी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी तिसरीत होतो. भिंती कधीच विरघळल्या असतील. पण चौथरा? तो कुठे जातोय! होडी त्याच्यावर आली की आकडा झपकन उतरेल.

वीरधवलला विचारलं. म्हणाला, "आठ मीटरवर लावून ठेवतो. त्याच्या आत आलं की पीं पीं वाजेल."

वाजतं! म्हणजे अक्काला नेता येईल. हरणाअक्का – माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. विट्याजवळ पुनर्वसनाच्या गावात असते. दोन्ही डोळे गेले. आकडा दिसणार नाही, पण ऐकू तर येईल.

फोन केला. "अक्का, आपल्या शाळेवर नेतो तुला." "ने रं आका. पर लौकर ने." आका म्हणजे मी – तिच्या तोंडी अजून लहानपणचंच नाव.

१७ एप्रिल

प्लग उघडला. आतल्या पिना हिरव्यागार! जुन्या दातांच्या ब्रशने, स्पिरिट लावून घासल्या. सोन्यासारख्या लखलखल्या. मग प्लगच्या रबरी कड्याला चाकाचं ग्रीस चोपडलं, फौजेत जीपला लावायचो तेच. आता ब्रह्मदेव आला तरी थेंब आत जायचा नाही!

२१ एप्रिल

शाळेत गुरुजींनी शिकवलेली ढगांची कविता दिवसभर ओठांवर. पहिलं कडवं चालीत, दुसरं चालीत – आणि पुढे भिंत. तिसरं कडवं साठ वर्षं आठवतच नाही. तिसरीत याच कवितेने मला पाठांतराचं बक्षीस मिळालं, आणि शेवटच बेपत्ता! बक्षिसाला दोनच कडवी लागत होती म्हणा.

अक्का तेव्हा मला बोटाला धरून शाळेत सोडायची आणि शेरडं घेऊन रानात जायची. संध्याकाळी माझी कविता घोकून घ्यायची. चुकलो की टोकायची. मला वाटायचं, अक्का किती हुशार – माझं एकदा ऐकून पाठ होतं तिला!

२८ एप्रिल, रविवार

काय लिहू.

अक्काला उचलूनच होडीत बसवलं. एक हात पाण्यात सोडून बसली. तिनेच जागा सांगितली – "नाकासम्होर खिंड, पाठीला कडा. सरळ चला." खिंड आणि कडा एका रेषेत आले. चौदा मीटर. अकरा. आणि आकडाच गेला! पडदा कोरा. वीरधवलने फिरवून फिरवून पाहिलं. काही नाही.

"आलं का रं आका?"

"आलं, अक्का." बोलून गेलो.

ती हसली. "वाजणार हुतं न्हवं? खोटं बोलतोस. गुरुजींनी हात तांबडा केला असता तुझा."

उतरताना एवढंच म्हणाली, "मी पुन्ना यीन. जगले तर."

२९ एप्रिल

प्लग उघडला. रबरी कडं भिजलेल्या पावट्यासारखं फुगलंय! दोष माझ्या ग्रीसचा. चाकाचं ग्रीस असलं रबर खातं, हे मला या वयात कळतंय. "काका, हा काय बैलगाडीचा आख आहे का?" वीरधवल हसत म्हणाला. मग हसायचा थांबला. तेरा मे रोजी होडी ट्रकवर चढणार. समुद्रावर जाणार, कायमची. इथे परत येणार नाही.

पाच तारखेच्या रविवारपर्यंत प्लग काही तयार होत नाही. म्हणजे बारा तारीख. एकच रविवार.

४ मे

सगळं नव्याने. गंज तारेत आतपर्यंत चढलेला. वीतभर तार कापून टाकली. नवी तार कल्हईची. जोडावर आतून गोंद असलेली नळी चढवून गरम केली, ती आवळून बसली. नवं कडं, आणि सिलिकॉनचं पांढरं ग्रीस – बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. प्लगमध्ये शिरण्याआधी तारेला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तारेवरून येईल ते झोळाशीच ठिबकेल, आत जाणार नाही. किती साधी गोष्ट! पावसाची पागोळी वळचणीला ठिबकते, तशी.

जोड दोन्हीकडून ओढून पाहिला. हलला नाही.

६ मे

काल सकाळी बंद प्लग बादलीत बुडवला होता. आज काढून उघडला. कोरडा! कापूस फिरवून पाहिला – कापूसही कोरडा!

१२ मे, रविवार

वाजलं!! नऊ पॉइंट एक – आणि एकदम सात पॉइंट आठ! पीं पीं पीं! साठ वर्षांनी शाळेची घंटा! आणखी लिहवत नाही. उद्या.

१३ मे

सकाळी होडी ट्रकवरून गेली. कालचं राहिलेलं लिहितो.

यंत्र वाजलं तसं मी ओरडलो, "अक्का, चौथऱ्यावर आलो!" तिने चाचपडत पायातल्या चपला काढल्या. कडेला जोडून ठेवल्या. वीरधवल माझ्याकडे बघायला लागला.

"साळंत आलो न्हवं? मग?"

आणि तिने ढगांची कविता म्हटली. पहिलं कडवं, दुसरं – आणि तिसरं! न अडखळता, गुरुजींच्या चालीत.

"अक्का, हे तुला कुठून?"

"तिसरं शिकवलं त्या दिशी तू गोवरानं निजला हुतास. गुरुजींनी दोनदा म्हनून घ्येतलं. शेरडं चरायची, मी खिडकीखाली हुबी. रोजच." तिने अनवाणी तळवा डेकवर हळूच दाबला. "आत कवाच आले न्हवते रं. आज आले."

पीं पीं चालूच होतं. बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.