डोलकाठीखालचे दहा पैसे

तारापूर, ६ जुलै २०२५

ती. कमलाकांतमामा,
दिशाचा सा. न., वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही डब्यात जपून ठेवता, म्हणून हे पत्र. तुमच्या शेजारचा मेहुल इथल्या कारखान्यातून केळव्याला परतताना देईल. सोबतच्या पुडीत दहा पैशांचं जुनं नाणं आहे, ते आधी पाहा.

बाबांची बोट शेवटी मोडीत काढली. डोलकाठी उपटली तेव्हा तिच्या बुडाशी हे सापडलं. नवी बोट होताना मालकाने तिथे नाणं ठेवायची आपली रीत, तेव्हा ते बाबांचंच. पण सिंहाच्या बाजूला दहाचा आकडा खोल उमटलाय, तोही आरशात दिसावा तसा उलटा. भावेशदादाने मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि टांकसाळीत चुकलेलं, म्हणजे महागाचं नाणं, असं जाहीर करून टाकलं. पालघरचा एक जण पुढच्या रविवारी ते विकत घ्यायला येतोय.

आई म्हणते, नाणं दादाच्या नव्या बोटीत गेलं पाहिजे. का, ते सांगत नाही. दोघांचं बोलणं बंद आहे, मधल्या मधे उन्नतीवहिनी आणि मी निरोप्या. नाणं खरंच चुकीचं निघालं तर दादा ऐकणार नाही. ऑफिसातला केतन म्हणाला, आम्लात एक बुडी दे, लख्ख होईल. मी दिली नाही.

नाण्यांतलं तुम्हाला कळतं, तुम्ही सांगाल ते दादा मानेल असं वाटतं. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
दिशा

*

केळवे, ८ जुलै २०२५

चि. दिशास अ. आ.

केतनला नाण्यांपासून लांब ठेव. आम्लाने नाणं झिजून हलकं होतं आणि मग कोणीतरी तेही टांकसाळीची चूक म्हणून विकायला काढतं. इथे पावसातही मुंबईचे पाहुणे दार वाजवून खोली मागतात. मी ऐकत नाही याचा तेवढाच फायदा.

आता नाणं. ते मेहुलबरोबर परत देतोय. टांकसाळीत कधीकधी आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच ठसा बसतो. तेव्हा उलटं चित्र पूर्ण आणि ठळक येतं, आणि त्याच्याखाली काही नसतं, कारण त्या बाजूला सिंह उमटलेलाच नसतो. तुमच्या नाण्यात शून्याच्या आत सिंहाचा पंजा अजून दिसतो. म्हणजे सिंह आधी, दहा मागून. शिवाय पाठची बाजू चेपून सपाट झालीय आणि एका अंगाने कड पसरलीय. टांकसाळीतून हे नाणं धड बाहेर पडलं होतं. ही इजा आहे, चूक नव्हे. जाणकार कोणी हात लावणार नाही, आणि अजाणत्याच्या गळ्यात मारू नये असं भावेशला माझ्या नावाने सांग.

तो म्हणेल, मामा बहिणीची बाजू घेतो. म्हणून एक सांगतो. ॲल्युमिनियम मऊ असतं. डोलकाठीच्या बुडाला लोखंडी पट्टी होती ना? तिच्या भाराने, वर्षानुवर्षं बोट आपटून, हे नाणं दुसऱ्या दहा पैशांवर दाबलं गेलंय. म्हणजे तिथे नाणी दोन होती. दुसरं शोधा. त्याच्या आकड्यावर सिंहाची उलटी खूण असेल. नसेल, तर मी चुकलो आणि नाणं भावेशचं.

पुष्पलताला सांग, जेवण वेळेवर कर. तुमचा लोभ असाच कळवत राहा, लिहून.

तुझा,
कमलाकांतमामा

*

तारापूर, १४ जुलै २०२५

ती. मामा, सा. न.

तुमचं पत्र वाचून दादा हसला. म्हणाला, मामाला कान नाय, आता डोळेपण गेले. बाबांनी दोन नाणी कशाला ठेवली असती. तुम्हाला खोटं पाडायलाच तो शनिवारी कुऱ्हाड घेऊन बसला. डोलकाठी ज्या ओंडक्यात बसत होती तो अंगणात होता, आई त्यावर बसून मासळी साफ करते. तिला उठवावं लागलं. उठली, पण तिथेच उभी राहिली.

खाचेच्या तळाला डांबर होतं. ते खरवडल्यावर दुसरं नाणं निघालं. दहाच्या आकड्यावर सिंह, उलटा. दादाने दोन्ही एकमेकांवर ठेवली, ती बरोब्बर बसली. बराच वेळ तो ती फिरवून फिरवून बसवत राहिला.

मग आईने सांगितलं. बोट बांधली तेव्हा आजी म्हणाली होती, नाणं फक्त मालकाचं. आईने तरी काठी उभी करायच्या आधी गुपचूप आपलं खाली सरकवलं. बाबांनी पाहिलं आणि तोंड फिरवून सुताराला हाक मारली. पुढे बाबा जाईपर्यंत दोघं त्यावर कधी बोलली नाहीत.

पालघरच्या माणसाला दादाने येऊ नको म्हणून कळवलं. आईला मात्र एवढंच म्हणाला, आये, जेवायला वाड. वहिनी आणि मी निरोपांतून मोकळ्या झालो. नारळी पुनवेआधी नवी काठी उभी राहील, खाली दोन्ही नाणी. तुम्ही यायचंच, यंत्र कानात घालून.

आठवणीत ठेवा.

दिशा

*

केळवे, १६ जुलै २०२५

चि. पुष्पलतास अ. आ.

इतकी वर्षं भावाला पत्ता लागू दिला नाहीस. दोन्ही नाणी पुन्हा ठेवणार हे कळलं, बरं वाटलं. सांगण्यासारखं एकच. मध्ये जाड कापड घाला, किंवा ती शेजारी शेजारी ठेवा. पुन्हा एकावर एक ठेवलीत तर जे काही उरलंय तेही चेपून जाईल. तांबड्या कापडाचा तुकडा मेहुलबरोबर देतोय.

आहे तशीच जवळीक ठेव.

तुझा दादा

*

तारापूर, २० जुलै २०२५

दादास पुष्पलताचा नमस्कार.

कापड चांगलं हाय, पण घालणार नाय. तू नाणी पेटीत ठेवतोस, तुजं बरोबर हाय. बोटीत सगळी एकमेकांवर पडनारच.

उन्नतीला मी बोलली, तुजंपण टाक. ती घाबरली, मालक काय बोलेल. मी बोलली, मालक मला विचारून श्वास घेतो. आता तिचं आमच्या वर बसनार. दिशा सांगते आताची नाणी लोखंडासारखी टणक असतात, आमचीच दोन चेपतील, तिच्या नाण्याला काय होनार नाय. सून हाय, तेवढं चालायचं.

लवकर ये. तुज्याशिवाय मला कोन हाय ओरडायला?

तुजी पुष्पा