मेंदूचा फोटो साफ आला

नवेगाव बांध,
ऑगस्ट २०१४

ती. मंजूताईस,

खेमराजचा पाया पडून नमस्कार. तुझ्या घरधन्याचे, आमच्या भाटव्यांचे गुडघे कसे आहेत? इकडे धानाचे रोवणे आटोपले, म्हैस खुशाल, आई खुशाल, मीही खुशालच लिहायचं म्हणून खुशाल. फोन काऊन नाही केला म्हणशील. मोबाईल तलावात आहे. (बंद पडला नव्हता, चांगला वाजत होता. तेच तर झालं.)

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना संशोधनासाठी जोड्या पाहिजे होत्या. स्किझोफ्रेनियाचा रोगी आणि त्याचा सख्खा, निरोगी भाऊ. म्हणून मी आपल्या गजेंद्रला घेऊन गेलो, निरोगी मी. (हसू नको.) गजेंद्र एमआरआय मशीनच्या बोगद्यात गाढ झोपल्यासारखा पडून राहिला. माझी पाळी आली, आत ठणठण सुरू झाली आणि मी असा बोंबललो की घाबरलं तर दाबा म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबायचंही सुचलं नाही. शेवटी गजेंद्र आत येऊन माझा पाय धरून उभा राहिला, तेव्हा कुठे माझ्या मेंदूचा फोटो निघाला. बाहेरचा मशीनवाला विचारत होता, "इनमें से पेशंट कौन है?"

बाईंनी मग समजावून सांगितलं. डोक्यात डोपामिन नावाचं रसायन असतं. तलावाचं पाणी सोडायचं तुडुम जास्त उघडं राहिलं की नको त्या धानाच्या बांधीत पाणी शिरतं, तसं ते कुठे कुठे जास्त झालं की साध्या गोष्टीलाही भलताच अर्थ येतो, असं दिसतं म्हणे. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, आमचा पॅरानॉइड, म्हणजे संशयाचा प्रकार. (मी तो पाठच केला होता.) तर ते जुने प्रकार डॉक्टरांच्या नव्या पुस्तकातून काढून टाकले! हा एक रोग की एका नावाखाली चार रोग, हेच ते आता शेकडो फोटो संगणकात घालून शोधत आहेत. एकट्याच्या फोटोवरून काही कळत नाही. गजेंद्रचा फोटो डोळ्यांना साफ दिसतो, पण गोळ्या चालूच ठेवा, असं त्यांनी बजावून सांगितलं.

आईने त्यातलं एवढंच धरलं, फोटो साफ. बाबूजींच्या टीबीत छातीचा फोटो साफ आला आणि गोळ्या थांबल्या, हे तिच्या डोळ्यांसमोरचं. "मंग पोराले कायले चारता?" म्हणाली, आणि गोळ्या म्हशीच्या गव्हाणीमागे पुरून टाकल्या. मी दुसऱ्या आणल्या. पण तोवर गजेंद्र बिघडला होता. मोबाईलमध्ये माणसं बसलीत म्हणून मोबाईल तलावात गेला. आता तो तुडुमापाशी जाऊन बसतो, उघड, उघड म्हणून खालून कोणी सांगतं म्हणे. सगळ्या गावाचं धान त्या पाण्यावर. टिकाराम पाटील काल दारात येऊन म्हणाला, पुन्हा दिसला तर दोरीने बांधून टाकू.

आणि माझ्या हातची गोळी तो घेत नाही. म्हणतो, खरा खेमराज मशीनमध्येच राहिला. तो भित्रा होता. हा शहाणपण शिकवणारा दुसराच कोणी.

तुझा,
खेमराज

ता. क. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या वेळी तू गोळ्या चालू ठेवा म्हणून आईशी भांडलीस आणि या घराचं पाणी पिणार नाही म्हणालीस. तुझंच खरं होतं. पाणी गोंदियाहून भरून आण, पण ये. गजेंद्रला आता नागपूरला न्यायचं तर तो तुझ्याशिवाय कोणासोबत गाडीत बसणार नाही.

ता. क. २. आई म्हणते, मंजूले बोलवाचं काम नाही. पण पहाटेच उठून तिने तुझ्यासाठी वासाचे चिन्नोरचे तांदूळ निवडायला घेतले आहेत.

ता. क. ३. ताई, मी गजेंद्र. हा बाहेर गेला म्हणून लिहून राहिलो. हा पत्र लिहिता लिहिता रडून राहिला होता, म्हणजे आपलाच असंल. पण मले पक्कं सांगता येत नाही. तू येऊन पाह्य. तू हो म्हणशील तर याच्या हातची गोळी खाईन.