सुया आणि घंटी

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर इतकं वाकडं की आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतलंस. मग पुढे वाचलं, उजवा खांदा वर होत नाही म्हणून. भावोजींना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एकटीने उचलायचं, तर खांदा तरी कुठवर साथ देणार? मदतीला माणूस ठेव म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं, ह्यांना परक्याचा हात चालायचा नाही. असो. दिवसभर इस्त्री करून माझ्यातही भांडायचं त्राण उरत नाही.

निदान सुया तरी टोचून घे. माझा गुडघा बघणाऱ्या बाईंची मैत्रीण तुमच्याकडेच, चष्म्याच्या दुकानाशेजारी बसते. चिनी पद्धतीचं अ‍ॅक्युपंक्चर दोघी रीतसर शिकल्यात. इंजेक्शनचं नाव काढलं की तू पांढरीफटक पडतेस, म्हणून आधीच सांगते. सुई केसाएवढी बारीक, तिच्यात औषध नसतं, आणि एकदा वापरली की टाकून देतात. मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथे जडपणा येतो. त्याआधी दोन्ही मनगटांची नाडी बघतील, जीभ बाहेर काढायला लावतील, झोप, भूक, पोट, सगळं खोदून खोदून विचारतील. अंगातली शक्ती कुठे अडली ते त्यावरून समजतं, असं त्यांचं जुनं शास्त्र. मला ते पटलं का, हे विचारू नकोस. गुडघा मात्र जिना चढायला लागलाय.

उपाशीपोटी जाऊ नकोस. सैल बाह्यांचे कपडे घाल. रक्त पातळ करायची गोळी घेत असलीस तर सांग. आधी डॉक्टरांना खांदा दाखव, बाईसुद्धा हेच सांगतील, आणि पहिल्याच खेपेला चमत्कार होईल असं धरून चालू नकोस. भावोजींना घरी एकटं सोडवत नसेल तर सोबत ने. दवाखाना तळमजल्यावर आहे.

रागावलीस तरी चालेल, माया तेवढी पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गेले बाई एकदाची. आधी डॉक्टर. हाड शाबूत आहे, सांधा आखडलाय, उचलाउचल बंद करा म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येऊन ह्यांना उचलून पलंगावर ठेवलं.

मग तुझ्या सुईवाल्या बाई. ह्या वयात परक्या बाईला जीभ काढून दाखवायची म्हणजे हसूच आलं. झोप कशी लागते, विचारलं. तुकड्यातुकड्यांनी, म्हटलं. तुमची काळजी कोण घेतं, असंही विचारलं. तेव्हा मी भिंतीवरचं चित्र बघत बसले. खांद्यात सुया घातल्या ते ठीक, पण एक नडगीजवळ कशाला, ते काही कळलं नाही. तुझी मुंगी चांगली मोठी होती, एवढं सांगते.

सुया असताना हलायचं नसतं, म्हणून पेशंटजवळ एक दाबायची घंटी ठेवतात. बाईंनी ती ह्यांच्या चांगल्या हाताखाली दिली. ताईंना काही वाटलं तर वाजवा, असं सरळ ह्यांनाच सांगितलं. वाचा गेल्यापासून ह्यांच्यावर कुणी काही सोपवलं नव्हतं. हे ताठ बसले. आणि काय केलं असेल? बाई बाहेर पडताक्षणी दोनदा घंटी. बाई धावत आल्या. मला काहीच झालेलं नव्हतं. ह्यांना विचारावं तर मान नुसती हलते, त्यात हो कुठलं आणि नाही कुठलं, देव जाणे. बाई गेल्या, पुन्हा दोनदा घंटी. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी ह्यांच्या हाताशी तशीच एक घंटी ठेवलीय, तिथेही हेच चालतं. ह्यांना नीट निजवावं, चादर सारखी करावी, आपल्या खाटेपर्यंत पोचावं, की दोनदा घंटी. परत जावं तर काही नको असतं, वर हेच वैतागून तोंड फिरवतात. उचलायला बगलेत हात घातला की एकदा वाजवतात, जणू मीच उशीर करते. मग मीही बोलते काहीबाही. थकले गं मी. कधी कधी ती घंटी माळ्यावर टाकून द्यावीशी वाटते, आणि तसं वाटलं की दिवसभर स्वतःची लाज वाटत राहते.

खांदा किंचित हलका झालाय. गुडघा सांभाळ, आणि ह्या रडगाण्याला कंटाळू नकोस.

तुझी,
ताई

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इस्त्रीच्या टेबलापाशी वाचलं आणि खुर्ची ओढून बसलेच.

अगं, भावोजींनी उभा जन्म बस चालवली. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. लहानपणी मला इंजिनाशेजारच्या सीटवर बसवून त्यांनीच हे शिकवलं होतं. ते तुला परत बोलावतच नसतील तर? जा, आता पड जरा, असं सांगत असतील तर? माझं चुकतही असेल. पण एकदा विचारून बघ.

तोवर घंटी माळ्यावर टाकू नकोस. लोभ आहेच, तो मागायला नको.

तुझी,
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. संपलं तेव्हा ह्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तोंडाची चांगली बाजू हसत होती. सवयीने बगलेत हात घातला, खुर्चीत बसवायला. एक घंटी. मी हात काढून घेतला. खांद्यावर जोर पडू नये म्हणून हा माणूस मला थांबवत होता, आणि मी त्यालाच फाडफाड बोलत होते. फार रडले मी.

मग विचारलं, उचलायला माणूस ठेवू का, परका हात चालेल का. तुला हे उत्तर मी दर पत्रात देत आले, ह्यांना मात्र एकदाही विचारलं नव्हतं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत दोन घंट्या. खरं सांगू? जरा रागच आला. इतकी घाई?

माणूस येतो आता सकाळ-संध्याकाळ. दणकट आहे, आणि ह्यांच्याशी बसच्या गप्पा मारतो. सुया चालूच आहेत. श्रेय त्यांना द्यावं की ह्या माणसाला, ते मला ठरवता येत नाही, पण हात कानापर्यंत जातो. माझे केस मी विंचरते. थकवा आहे, तो काही सुईने निघायचा नाही.

काल सुया लावून बाई बाहेर गेल्या आणि ह्यांनी दोनदा घंटी वाजवली. बाई आता धावत येत नाहीत. मी डोळे मिटले.

पत्र पाठवत राहा. माझं उत्तर आलं नाही तर समज, झोपले असेन.

तुझी,
ताई