अकरा उघड्या बाटल्या

दि. ९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. पाच दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे तू फाडणार नाहीस, मला माहीत आहे. इतकी वर्षं मुख्याध्यापिका आहेस, पण मुलांचा रद्दीतला निबंधसुद्धा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला खाली ठेवता येत नाही.

काल भावोजींचा फोन आला. म्हणाले, "तुझ्या ताईने ऑपरेशनची तारीख रद्द केली. म्हणते, धाकटीचं काय झालं ते डोळ्यांनी बघून आले."

काय झालं गं माझं? चौदा महिन्यांपूर्वी पोट लहान करून घेतलं आणि बेचाळीस किलो कमी झाले, हे झालं. बुटांचे बंद माझे मी बांधते, हे झालं. लाँड्रीत मला बसून टॉवेलच्या घड्या घालायचं काम द्यायचे, आता चादरींच्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर आठ तास उभी असते. पण पाच दिवसांपूर्वी तू माझ्याकडे आलीस, सिंकखालचं कपाट उघडलंस, डाएट सोड्याच्या अकरा बाटल्या पाहिल्यास आणि निकाल लावून मोकळी झालीस.

प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. तू वाचत गेलीस आणि म्हणालीस, "रोज एक? आणि वर हजेरीपण?" मी तोंड उघडायच्या आत पर्स खांद्याला लावून दाराबाहेर.

तर ऐक. त्या चिठ्ठ्या लाँड्रीतल्या, कपड्यांच्या गाठोड्याला बांधतो त्या. त्यावरची तारीख पिण्याची नाही, झाकण उघडल्याची आहे. मी बाटली उघडते, ग्लासात ओतून चमच्याने ढवळते, परत भरते आणि दोन दिवस उघडी ठेवते. गॅस पार उडाला की घोट-घोट पिते. कुठली किती शिळी ते कळावं म्हणून चिठ्ठी. अकरा साचल्या कारण गॅस उडालेला सोडा इतका पांचट लागतो की अर्धी बाटलीही संपत नाही, आणि टाकून द्यायला हात धजत नाही. एकही रिकामी नव्हती, ताई. शाळेत मुलांची दप्तरं तपासतेस तेव्हातरी नीट बघतेस ना?

का पितेस, असं विचारशील. ऑपरेशननंतर मला साधं पाणी जात नाही. दोन घोटांत पोटात दगड बसल्यासारखं होतं. आणि रोलरपाशी उभं राहून बघ एकदा, वाफेने पापण्यासुद्धा घामेजतात. पूर्वी शिफ्टमध्ये मी चार कॅन रिचवायचे. ते सगळं एका दिवसात पुसून टाकायला मी काही फळा नाही.

आता जे तुला सांगितलं नाही ते सांगते. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात रोलर बंद पडला, सगळ्यांना सुट्टी मिळाली. माझ्या जोडीदारणीने, तिला आम्ही शिट्टी म्हणतो, थंडगार कॅन फोडून हातात दिला. मी गॅससकट तीन घोटांत संपवला. दोन मिनिटांनी बरगड्यांखाली अशी कळ आली की मी चादरींच्या ढिगावर आडवी झाले. वाटलं, आतले टाके उसवले. शिट्टी माझी पाठ चोळत रडत होती. अर्ध्या तासाने ढेकर आला तेव्हा दोघी हसलो, पण मी घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढ्याशा पोटात गॅसला जागा कुठे आहे? बंद करा. नाहीच जमलं तर निदान लपवू नका." गॅस काढायची शक्कल माझी. तीही त्यांना पसंत नाही. गॅस गेला तरी ते आंबट ते आंबटच, म्हणतात. सध्या दिवसाला अर्ध्या पेल्यावर आले आहे. पुढे बंद होईल किंवा नाही होणार. ते मी आणि बाई बघून घेऊ. त्यासाठी मला दुसरी मुख्याध्यापिका नको.

म्हणजे बाईंना सांगितलं, शिट्टीला माहीत होतं, लपवलं ते फक्त तुझ्यापासून. कसं लपवलं तेही ऐक, हे लिहायचं मी सकाळपासून टाळते आहे.

त्या दिवशी तू येताना मी जिन्यावरून वाकून पाहिलं होतं. दुसऱ्या मजल्यावर तू पायरीवर बसली होतीस. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर, तोंड उघडं. कोणीतरी वरून उतरलं तर तू पर्समध्ये काहीतरी शोधायचं नाटक केलंस. मी तसंच बसायचे, तसंच नाटक करायचे. मला धावत खाली यायला हवं होतं. मी आत गेले आणि ओट्यावरच्या बाटल्या उचलून सिंकखाली कोंबल्या. तू दहा मिनिटं तिथे धापा टाकत होतीस आणि मी आवरत होते. ओट्यावर असत्या तर तू हसून विचारलं असतंस. याची मला लाज वाटते. सोड्याची वाटत नाही.

आणि तूही माझ्या बाटल्यांच्या आड लपू नकोस. तुला ऑपरेशनच्या टेबलाची भीती वाटते. मलाही वाटली होती, आदल्या दिवशी मी घरी पळून यायला निघाले होते. घाबरले म्हण, कोणी खाणार नाही तुला. धाकटीमुळे नको, असं म्हणालीस तर मात्र मी ऐकून घेणार नाही.

दवाखान्यात फोन केला होता. तेवीस तारीख अजून कोणाला दिलेली नाही, शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाले. मी ठणकावून सांगितलं, तारीख तशीच ठेवा, ती येणार आहे. तुझ्या वतीने खोटं बोलले. खुशाल रागव.

शेवटी पोट तुझं, तू ठरव. पण हो की नाही ते शुक्रवारी इथे येऊन माझ्या तोंडावर सांग. मी रजा टाकली आहे. आठपासून खाली दारात उभी असेन. तुझ्या चालीने वर चढू. ज्या पायरीवर तू बसशील तिथे मीही बसेन. येणारे-जाणारे बघतील, तर बघू देत.

तुझं आजवर एकही न ऐकलेली,
धाकटी