आईच्या हातची घडी

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
आखाजी

चि. निरंजन,

आईच्या विसरण्याच्या आजारात मेंदूतल्या प्रथिनांची घडी चुकते. त्यावर औषध शोधणाऱ्या कंपनीचे मी शेअर घेतले. भाव पडल्यावर तू फोनवर म्हणालास, "ताई, बेचून टाक ना."

आज सणाचे मांडे केले. खापरावरून काढलेल्या मांड्याची मी घाईत वेडीवाकडी घडी घातली. कित्येक महिने मला 'ओ बाई' म्हणणाऱ्या आईनं हातावर चापट मारली. "अशी नाही गं, सुनंदे!" म्हणाली आणि गार व्हायच्या आत मांडा उलगडून नीट घडी घातली.

हे औषधानं झालं नाही, ठाऊक आहे. तरी नाचावंसं वाटलं. मी अजून शेअर घेतले! तू चिडशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही. मांडे तेवढे पाठवते. घडी आईची आहे.

तुझी हट्टी ताई,
सुनंदा