मातामायची पाठ

१२ मार्च १९५४
कौल झाला. आशाला नांदायला जावंच लागणार!
माझी धाकटी नणंद. परवा गोंडपिपरीहून, सासरहून, पायी पळून आली. पाठभर दोराचे वळ! मी तेल लावलं तर किंचाळली. तरी ह्यांचं एकच — "मातामायले इचारल्याबिगर मी काई करत नाई." पुजारी ना! ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची फुलं चिकटवली. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर राहा. देवीचं तोंड आपल्याकडे, म्हणून तिचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला. तिकडचंच पडलं.
आशा रडलीसुद्धा नाही. "वैनी, देवच मनते तं तू तरी काय करशीन?"

१३ मार्च
गाडी गेली. आशाला घेऊन.

१५ मार्च

सकाळी गाभारा झाडायला गेले तर देवीचा शेंदूर खाली पडलेला! पिढ्यान्पिढ्यांची पुटं, एकच जाड खपली, चांदीच्या डोळ्यांसकट. आता खरा मुखडा दिसेल म्हणून दिवा वर केला — तोंडच नाही! केस. दगडात कोरलेला अंबाडा. मूर्ती आणि भिंतीमधल्या फटीतून मागे हात घातला. नाक लागलं. ओठ लागले.
आजवर आम्ही देवीच्या पाठीला हळदकुंकू वाहिलं!
गोंडांच्या वस्तीवरल्या बुधरीबाईचे लोक जंगलातून येतात आणि देवळामागेच मोहफुलं ठेवून पाया पडतात. मला वाटे, बिचारे दारातून यायला भितात. आज तिला विचारलं तर हसली. "माय इकडंच पायते ना बाई. तुमी दार तिकडं काऊन केलं, तुमालेच ठावं."
मग एकदम डोक्यात आलं. पाठ आपल्याकडे, म्हणजे आपल्या डाव्या हाताला तिचा डावाच खांदा! पडलं ते डावं. देवी म्हणाली होती — राहा!
आणि आम्ही पोरीला गाडीत बसवून दिलं.

१६ मार्च
ह्यांना नेऊन दाखवलं. पांढरेफटक पडले. मग शेंदूर-तेल कालवायला बसले! "जसं होतं तसं करून टाकतो. गावाले मालूम नाई पडलं पायजे. किती लोकाईले कौल देल्ले मी!"
मी ताट हिसकावून घेतलं. जन्मात पहिल्यांदा ह्यांच्यावर ओरडले. आशाला घेऊन या!
"मंग आपल्या लग्नाचा कौल? तोई उलटाच समजायचा?"
तो ह्यांनीच लावला होता. देवीने होकार दिला म्हणून मी या घरात आले. ताट मात्र सोडलं नाही.

१७ मार्च
ह्यांनी गाडी जुंपली. जाताना खाली बघत म्हणाले, "आपल्या कौलाले नाईचं फूल पडलं होतं. मीच होय सांगतलं. मले तू पायजे होती."
म्हणजे खांदे उलटे धरले तर देवी खरं तर होयच म्हणाली होती. पण ह्यांना तेव्हा कुठे ठाऊक होतं? माझ्यासाठी देवीचा शब्द मोडला. मग सख्ख्या बहिणीसाठी का नाही? इतका राग मला कधी आला नव्हता.

१८ मार्च
गाडी आली. आशा आपल्या पायांनी उतरली नाही, दोघांनी उचलून उतरवली. जिवंत आहे.
"भाऊ, कौल बदलला का?"
हे म्हणाले, "या खेपेले इचारलाच नाई."