काचेमागची कोथळी

३ जानेवारी १९६५

लिही वं लाली, सासू सांगते ते! मले अक्षर येत नाही, पण तोंड हाय ना चालतं!

परवा यवतमाळले जायचं हाय. तिथं मेलेल्या जवानायचं स्मारक बांधलं म्हणते. बाजूच्या खोलीत बर्फातून आणलेल्या वस्तू मांडल्या — कोनाच्या, ते सरकारलेही ठाऊक नाही.

माहा पोरगा पूनमसिंग, लालीचा नवरा, अन् लालीचा भाऊ अमरसिंग, दोघं संगंच चीनच्या लढाईत गेले. दोघंही बेपत्ता. तंबाखूसाठी दोघांले आरसे जडवलेल्या कापडी कोथळ्या मीच शिवून देल्या होत्या.

भेव वाटते. हे लिहू नको... लिहिलंच पोरीनं!

४ जानेवारी

भाकर ताटातच ठेवली. पोराले भरवता भरवता लाली म्हणे, "याडी, नका जाऊ." याडी म्हणजे आई, आमच्या तांड्यात. मी नाही तर कोन जाईन?

६ जानेवारी

काल गेलतो. संगं दीर, देवीलाल. मोटारीत कंडक्टर म्हणे, "आजी, घागरा आवरा." म्हटलं, "त्याचंही तिकीट फाड!" हसले सारे.

दगड काळा. देवीलालनं सारी नावं वाचली. तो एका नावावर अडखळला, तर माहा जीवच गेला. पण आपलं एकही नाही!

मग आतली खोली. भोक पडलेला टोप. एकाच पायाचा बूट. अन् काचेमागं — कोथळी! माहाच टाका! मी काचेकडे हात नेला.

पहारेकरी म्हणे, "माय, काचेले हात नका लावू."

"हात नाही लावत, बाबा. आरसे पाहू दे."

पूनमसिंगच्या कोथळीवर एका आरशाची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. पोटचं पोर! पुरी साजरी वस्तू देली तर नजर लागते, असं माही माय सांगे. इथं तर सारे आरसे जागेवर! माह्या पोराची नाही! नाही!

देवीलालले जिलेबी खाऊ घातली. म्हणे, "भाभी, हसून राह्यली का रडून?" म्हटलं, "तू खाय मुकाट्यानं."

लाली, हे मोठ्या अक्षरात लिही —

७ जानेवारी

आज बळीराम मास्तर लिहून राह्यले. काल लालीनं तिथंच लेखणी ठेवली. म्हणे, "याडी, माह्या दादाची कोथळी तर पुरी होती ना?"